युरोपचं पाणी, पाटसची बोअर

शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला. युरोप खंड नेहमी शेवटच्या तासाला यायचा. आल्प्स चढता चढता मुलं माना टाकायची, डॅन्यूबपर्यंत निम्मा वर्ग झोपलेला असायचा. त्या धड्यात एका छोट्या शहराबद्दल एकच ओळ होती : येथील पाणी औषधी असल्याने प्रवासी येतात. शहराचं नाव इथं देत नाही. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

मुलं जागी राहावीत म्हणून एकदा मी त्या ओळीला इतिहास जोडला. जमीन नापीक, पाणी इतकं खारट की म्हैस तोंड लावेना. एक लंगडा शिपाई घसरून डबक्यात पडला आणि चालत बाहेर आला. मग राजा आला, राजामागून हॉटेलं आली. वर्ग टक्क जागा! पुढच्या वर्षी मी राणीलाही आणलं.

यंदा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याची जमीन पाटसजवळ. उसाला पाणी देऊन देऊन ती चोपण झालेली, क्षार वर येऊन पांढरी पडलेली. बोअरचं पाणीही खारट. तिथं त्यानं कृषी पर्यटन केंद्र काढलं होतं. हुरडा, बैलगाडी आणि गुडघे बुडवून बसायला बोअरच्या पाण्याचा हौद.

“सर, आल्प्स-बिल्प्स समदं इसरलो, पण तुमचं ते गाव ध्यानात राह्यलं. आपलं पाणी बी तसंच हाय. उद्घाटन तुमच्याच हातनं!”

मी सुखावलो. मग तो म्हणाला, “आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली हुती. रद्द केली. शिपाई चालला, तर आई का न्हाई चालायची?”

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा प्यायलो.

उद्घाटनाला शाल मिळाली, नारळ मिळाला. माइक हातात आल्यावर मी सांगून टाकलं : शिपाई खोटा, राजा खोटा, या पाण्यानं गुडघे बरे होतात असं समजू नका. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालक म्हणाला, “सरांचा साधेपणा बघा!” आणि पुष्पगुच्छही मिळाला. म्हणून हे लिहून ठेवतोय. लिहिलेल्याला निदान कोणी टाळ्या वाजवत नाही.

शेवटी मी हौदाकडे गेलो. विद्यार्थ्याच्या आई पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. त्यांना सरळ सांगितलं.

“मला कुठं खरं वाटलं हुतं, गुरुजी?” त्या म्हणाल्या. “पोराला वाटलं. मला ऑपरेशनची भीती वाटती. तुमची गोष्ट आयती घावली. आता ती मोडू नका.”

“आक्का, पण दुखतं ना?”

“दुखतं की. झोप न्हाई. पर तुम्ही बी मगाशी खुर्ची धरूनच उठला. तुम्ही केलं का ऑपरेशन?”

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी माझा मुलगा कधीचा माझ्या मागे लागलाय. आजवर मी डॉक्टरांना कधी उन्हाळ्याचं कारण सांगितलं, कधी थंडीचं.

“नाही,” मी म्हणालो.

“मग आधी तुम्ही. मी येते बघाया. चालला, तर मी.”

विद्यार्थी मागे उभा राहून सगळं ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला, पण हौदाच्या पाटीवरचं ‘औषधी’ त्यानं खोडलं आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातून दोन तारखा घेतल्या. आधीची माझी आहे. आक्का रोज माझ्या बायकोला फोन करून विचारतात, “गुरुजी पळालं तर न्हाईत ना?”