शनिवारची रेकॉर्ड

दुकान बंद होणार, हे रेकॉर्डवाल्या दादांनी बायकोच्या आधी गिऱ्हाइकांना सांगितलं, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. दादा तसे मुळातच खडूस. एखाद्याने भलती रेकॉर्ड मागितली, तर "तुम्हाला नाही आवडणार ती," म्हणून त्याला सरळ वाटेला लावायचे. तरी दुकान इतकी वर्षं चाललं, हेच नवल.

आता मालकाला इमारत पाडायची होती. माल संपत आला, फळ्यासुद्धा विकल्या गेल्या, आणि दादांच्या जिवाला वेगळाच घोर लागला. सिस्टरनी आता जायचं कुठे?

सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. दर शनिवारी दुपारी यायच्या, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून एकच रेकॉर्ड ऐकायच्या आणि "येते हं," म्हणून निघायच्या. विकत मात्र कधी घेत नसत. बिचारीकडे प्लेअर नसणार, असं दादांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या कुणी ती रेकॉर्ड मागितली, की ते बेधडक थाप मारत, "चरा पडलाय तिला."

शेवटच्या शनिवारी त्यांनी ती रेकॉर्ड आणि दुकानातला आपला लाडका प्लेअर खोक्यात भरला. सिस्टर आल्या तसं खोकं पुढे सरकवलं.

"हे तुम्हाला. नाही म्हणायचं नाही."

सिस्टरनी आत डोकावून पाहिलं. "अहो दादा, दोन्ही आहेत माझ्याकडे. ही रेकॉर्ड तर ह्यांनी तुमच्याकडूनच नेली होती."

दादांचा चेहरा पडला. "मग इतकी वर्षं इथे?"

"हे गेले, आणि घरी एकटीला ऐकवेना. गाणं लावलं की घर जास्तच रिकामं वाटतं. इथे तुम्ही असायचात. बोलत नव्हतात, तेही बरंच होतं."

दादांना काहीतरी गोड बोलावंसं वाटलं. पण जन्मभर खडूस म्हणून कमावलेलं नाव भर दुपारी घालवायची त्यांची तयारी नव्हती. ते पाठमोरे झाले आणि त्यांनी बायकोला फोन लावला.

"ऐक ना. शनिवारी दुपारी एक बाई आपल्याकडे गाणं ऐकायला आल्या, तर चालेल तुला?"

"कोण बाई?"

दादांनी सगळं सांगितलं. इतकं सलग ते घरी कधी बोलले नव्हते.

"मग, या म्हणू त्यांना?"

"विचारता काय? आत्ताच घेऊन या," ती म्हणाली. "आणि आधी सांगायचं होतंत. मीही आले असते तिकडे. मीसुद्धा दुपारभर एकटीच असायचे की."

दादांनी फोन ठेवला, पण सिस्टरकडे वळायला त्यांना जरा वेळ लागला.