पंधरा वॅटचा भोंगा

“वाढव बे करीम, मावशीले मंगलाष्टकं आयकू गेली पाह्यजेत!” उंद्रीच्या मांडवात मी ओरडत होतो.

काल घरचा मिक्सर जळाला. करपल्या वार्निशाचा तो वास नाकात शिरला आणि मी थेट ताईच्या लग्नात जाऊन पडलो. ताईला लहानाची मोठी करणारी मावशी पाय मोडून कोसभर लांब मळ्यात खाटेला खिळली होती. तिच्यासाठी मी एवढा भोंगा आणवला होता, की त्यात बैलजोडी वळावी.

भोंगेवाला करीम, माझा दोस्त, भोंगा बांधता बांधता कडुलिंबावरून म्हणाला, “भोंगा पंधरा वॅटचा, मशीन तीसचं. आवाजाच्या बटणाले हात नको लावू बे, जळंल. तोंड मळ्याकडं फिरवतो, आवाज बरोबर जाईन.”

पण वॅट जितके जास्त तितका आवाज लांब, हे माझं गणित. करीम भोंगा फिरवत असताना मी बटण शेवटपर्यंत पिळलं. रेकॉर्डवरची सनई अशी किंचाळली, की शेगावला आगगाडी थबकली म्हणतात. मग आतली कॉइल जळाली, वास सुटला आणि भोंगा मुका झाला. मंगलाष्टकं मांडवाबाहेरही गेली नाहीत.

आता मला वॅट कळतात, तोंड कुठं वळवायचं तेही कळतं. पण त्या दिशेला खाटेवर कोणी नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मात्र तोंड पाडून मळ्यात गेलो होतो. “मावशी, काही आयकू आलं का?”

“सनई आली. मंग एकदम बंद झाली,” ती म्हणाली. “मले वाटलं, अंतरपाट धरला. म्या खाटेवरूनच अक्षता टाकल्या.”