बैलाच्या झुलीची झालर

झालर म्हणजे काय, हे मला हडपसरात कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलं होतं. पोळ्याच्या आधी आई बैलांच्या झुली काढायची आणि त्यांना वीतभर रुंद, चुण्याचुण्यांची लाल झालर लावायची. बैल चालला की ती दोन्ही अंगांनी डुलायची आणि अख्खा गाव बघत राहायचा. त्यामुळे पेठेतल्या शिवणवर्गात बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, झालर कशाला लावतात, तेव्हा मी ताडकन उठून सांगितलं, बैलाच्या झुलीला. वर्ग खिदळला. बाकीच्या मुलींनी फ्रॉक, पाळणा, उशीचा अभ्रा अशी शहाणी उत्तरं दिली. बाई हसल्या नाहीत.

"आमच्याकडे बैल फ्रॉक घालत नाहीत," एवढंच म्हणाल्या.

अस्सा राग आला मला! पण रुसून घरी बसणं परवडणारं नव्हतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साफ सांगितलं होतं की परीक्षेत पास झालीस तर मशीन घेऊन देतो, नाहीतर सासवडच्या पाहुण्यांना होकार कळवतो. पाहुणे मला पसंत करून गेले होते. मुलगा काही वाईट नव्हता. पण मला तेव्हा नवरा नको होता, मशीन हवं होतं. स्वारगेटला बसची वाट बघताना मी रोज मनात तेच घोकायचे.

परीक्षेला तीन वर्षांच्या मुलीचा झालरीचा फ्रॉक आला. कापड वर्गातलंच, बेताचं. आणि मी काय करावं? आईची सवय हातात मुरलेली, आधी झालर कापली, तीही वीतभर रुंद. झुलीला तसंच करतात, कारण तिथे सगळा मान झालरीचा. इथे मात्र घेराला कापडच पुरेना. उरलेल्या तुकड्यात जेमतेम कमरेखाली येईल एवढा घेर निघाला. शेजारणीची चार बोटांची झालर टाचूनसुद्धा झाली होती. मला डोळ्यांसमोर सासवड दिसायला लागलं.

मग म्हटलं, रडायचं ते घरी जाऊन. ती रुंद पट्टी लांबीत कापून तिच्या तीन पट्ट्या केल्या, तिन्हींना चुण्या घातल्या आणि आखूड घेराच्या खाली एकीला एक अशा जोडल्या. खालची झालर बरोबर गुडघ्याशी आली. मशीन असं दामटलं की शेजारीण दोनदा वळून बघायला लागली.

सगळ्यांचे फ्रॉक पाहून झाल्यावर बाईंनी माझा पुन्हा उचलला. उलटा करून शिवण तपासली, मग सुलटा धरून जरा हलवला. तिन्ही झालरी एकदम डुलल्या. आधी झालर कापलीस ना, असं त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांना सगळं दिसतच होतं.

"चुकलीस खरी," त्या म्हणाल्या, "पण निस्तरलंस झकास. पहिली आलीस."

बसमध्ये मला बसवेना. जागा रिकामी असून मी हडपसरपर्यंत उभीच आले. आबा मळ्यात पाणी देत होते. मी बांधावरूनच ओरडून सांगितलं, पास झाले, आणि तेही पहिली. त्यांनी फावडं ठेवलं, पाटात हात धुतले, धोतराला पुसले. माझा जीव टांगणीला. मग त्यांनी घराकडे तोंड करून आईला हाक मारली.

"अगं, सासवडला निरोप धाड. म्हणावं, पोरगी कामात हाय."