कागदावरच्या विमानातली डावी खुर्ची

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी चहाला आधण ठेवलं होतं. नर्स म्हणाली, "मावशी, तुमचे भाऊ..." मी गॅस बंद केला. खरं तर मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. त्यानेच सांगितलं होतं.

सिद्धार्थ माझा धाकटा भाऊ. छोट्या विमानांचा पायलट म्हणून हयात घालवून तो नांदेडला माझ्याकडे राहायला आला. लग्न दोघांनीही केलं नाही, त्यामुळे भांडायला एकमेकांशिवाय कोणी नव्हतं. त्याच्या खोलीत भिंतीवर एक मोठा, पिवळा पडलेला कागद आहे आणि समोर दोन लाकडी खुर्च्या. कोणी विचारलं की तो म्हणायचा, "अक्काचं इमान हाय."

ते विमान लातूरचं. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. वडिलांची नायगावहून तिथल्या नव्या कचेरीत बदली झाली होती, आणि सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. सिद्धार्थकडे शिष्यवृत्तीवर मिळवलेलं लायसन्स होतं, एका छोट्या विमान कंपनीने त्याला घेतलंही होतं. आम्हाला वाटलं, झालं. पण नव्या पायलटला तिथे पुन्हा पहिलीपासून शाळा असते. आधी वर्गात बसून विमानाचा कण न् कण पाठ करायचा, लेखी परीक्षा द्यायच्या. मग सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरच हलणारं एक बंद खोकं, ज्यात परीक्षक एकामागून एक संकटं आणतो. त्यातून सुटला तरच प्रवाशांचं विमान, तेही शिकवणाऱ्या कॅप्टनच्या शेजारी. नापास झाला तर आणखी एक संधी, आणि मग सरळ घरी.

सिम्युलेटरच्या आधी मिळालेल्या सुट्टीत तो कॉकपिटचं चित्र असलेला हा कागद घेऊन आला. बटणं, काटे, सगळं खऱ्याएवढं. तो उजव्या खुर्चीत, मी डाव्या. मी तपासणीची यादी वाचायची, त्याने बोट लावून उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ नाही. धूळ इतकी की काटे रोज कोरड्या फडक्याने पुसावे लागत. मध्येच टँकरचा भोंगा वाजला की मी विमान हवेत सोडून घागर घेऊन पळायची. परत येईस्तोवर तो कागदाकडे बघत तसाच बसलेला असायचा, पापणीही न हलवता. मला तेव्हा त्याची थोडी भीती वाटायची.

एकदा आईने दारातून विचारलं, "आन् दोन्ही इंजिनं बंद पडली तर रं?"

"तरी लगेच पडत न्हाई, आई. आवाज तेवढा जातो. खाली यायला येळ मिळतो."

माझी चूक मला फार उशिरा कळली. एक इंजिन बंद पडल्याचा सराव चालायचा. मी विचारायची, "कोणतं इंजिन?" कागदावरचे काटे काही हलत नाहीत. मग मीच सांगायची, "डावं." किंवा, "उजवं." तो माझ्या तोंडाकडे बघायचा आणि पुढचं सगळं बिनचूक करायचा. सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पडलं तेव्हा त्याने काट्यांकडे पाहिलंच नाही. शेजारच्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तो सांगेल म्हणून वाट बघत राहिला. नापास.

घरी आल्यावर दोन दिवस जेवला नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "अक्का, बस. पण आता तू सांगायचं न्हाई. मी बोललो न्हाई तर थितंच थांबायचं."

मग मी कपाळाची तिकली काढून, तो पाठमोरा असताना, एका काट्यावर चिकटवायला लागले. तिकली दिसेल ते इंजिन बंद. दुसऱ्या संधीत तो पास झाला. पुढे सारी नोकरी झाली, निवृत्ती झाली, तरी नांदेडला दुपारच्या चहानंतर आमचा हा खेळ चालूच राहिला.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्याने बोलणं सोडलं. मला ओळखत होता की नाही, कोण जाणे. फोन यायच्या आदल्या संध्याकाळी मी उगीचच, हळू विचारलं, "कोणतं इंजिन?" डोळे उघडले. समोरच्या कोऱ्या भिंतीवर त्याची नजर डावीकडे जाऊन थांबली, मग उजवीकडे जाऊन थांबली. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. मग स्पष्ट आवाजात म्हणाला, "दोन्ही."

सगळे विधी आटोपल्यावर मी त्याची खोली उघडली. त्याला दवाखान्यात नेलं त्या सकाळी मी डाव्या काट्यावर एक तिकली लावली होती, एवढं मला पक्कं आठवतं. आता उजव्यावरही एक होती. तो त्याआधी पंधरा दिवस पलंगावरून उठलेला नव्हता, आणि खोलीची किल्ली माझ्या कनवटीला होती. मीच लावून विसरले असेन, असं विधींना आलेल्या चुलत भाचीला सांगितलं. तिला ते पटलं.

दोन्ही तिकल्या मी तशाच ठेवल्या आहेत. दुपारचा चहा झाला की डाव्या खुर्चीत जाऊन बसते. विचारते, "कोणतं इंजिन?" उत्तर मला ठाऊक आहे, पण ते मी सांगायचं नाही. टँकर आता येत नाही, कुठे पळायचं नाही... आवाज तेवढा गेला आहे. मी थांबते.