प्राण्याच्या पेशीला भिंत

जीवशास्त्राच्या बाईंना सगळी शाळा पाठीमागे ‘मिरचीबाई’ म्हणायची, आणि बाईंना ते ठाऊक होतं. आज त्या निवृत्त होत होत्या. भेट म्हणून मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेबाहेर दोन मोठ्या पेशी रंगवून घेतल्या होत्या, एक प्राण्याची आणि एक वनस्पतीची. बाईंनी पडदा सारला आणि त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. पेंटरने एकच साचा दोनदा वापरला होता. दोन्ही पेशी चौकोनी, दोन्हींना जाड पेशीभित्तिका, दोन्हींत हिरवीगार हरितलवकं. फक्त खालची नावं वेगळी.

“जोडी कशी छान जुळलीय, बाई!” पेंटर म्हणाला.

“जुळलीय? अरे, तुझ्या पेशींना अशी भिंत असती तर तुझी मान तरी वळली असती का? आणि अंगात हरितलवकं असती तर उन्हात उभं राहूनच पोट भरलं असतं. मघाशी डबा कशाला उघडलास?”

“बाई, सभागृहात सगळे खोळंबलेत,” मुख्याध्यापक काकुळतीला आले. “राहू द्या ना, कोण बघतंय!”

“रोज पोरं बघणार! जन्मभर ज्या चुकीवर लाल शाई ओतली, तीच माझ्या नावानं भिंतीवर?”

बाईंनी बाह्या सरसावल्या, पेंटरच्या हातातली खरवडायची पट्टी हिसकावली आणि स्टुलावर चढून प्राण्याच्या पेशीची भिंत खरवडून काढली. आतलं नाजूक पटल तेवढं जपलं. नव्या कपड्यांवर रंगाचा भुगा सांडला होता. तशाच खाली उतरून त्यांनी पट्टी मुख्याध्यापकांपुढे धरली.

“हिरवं तुम्ही काढा, सर. माझं कौतुक त्यानंतर.”