डाग नसलेलं लिंबू

चांगल्या रोपाला मुद्दाम आजारी पाडणारा माणूस आमच्या पुसेगावात एकच, माझा शेजारी ग्यानोबा. पावसाळ्याच्या सकाळी तो रोगट लिंबाची पानं पाण्यात चुरगळायचा, ते पाणी कोवळ्या रोपांवर शिंपडायचा आणि बाभळीच्या काट्यानं पानांना हळूच टोचायचा. मी कुंपणावरून विचारायचो, "ग्यानोबा, लस टोचून राहिला का?"

"न्हाई भाऊ, रोग देऊन राहिलो," तो मान वर न करता म्हणायचा.

या रोगाचं नाव खैऱ्या. याचे जंतू पावसाच्या थेंबाबरोबर उडतात आणि लिंबाच्या पानावर, फळावर तपकिरी खरबरीत फोड आणतात. ग्यानोबाचं वीस वर्षं एका सरकारी बागेत माळीकाम झालं. लग्नाचं मात्र राहूनच गेलं. बहात्तरच्या दुष्काळाआधी तो गावी परतला तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी होती आणि एक बारीक चिमटा. त्याच्या पलीकडच्या अंगणात भिकाबाई. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, हिंगोलीच्या बाजारात लोणचं विकायची. आता कुंपणाच्या एका बाजूला लिंबाचं झाड आणि दुसऱ्या बाजूला लोणचंवाली म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसानं गप्प कसं बसावं?

ग्यानोबानं एकदा टोपलीभर लिंबं तिच्याकडे नेली. तिनं एकेक फिरवून पाहिलं आणि निम्मी परत दिली. "डागाची साल लोणच्यात काळी पडते, ग्यानोबा," एवढंच म्हणाली. त्यात काही राग नव्हता. पण हा गडी टोपली घेऊन आला तो थेट माझ्या ओट्यावर.

"विचारायला गेल्ता ना तिला?" मी म्हणालो.

"रिकाम्या हातानं कसं विचारू, भाऊ? आधी तिच्या अंगणात लावायला खैऱ्या न लागणारं झाड देतो. मग विचारतो."

"तोवर तुमी दोघं काठी टेकून चालताल."

"चालू की," तो म्हणाला.

त्या माघापासून याचं बिऱ्हाड झाडाखालीच. न उमललेली कळी चिमट्यानं उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, त्यावर मोठ्या, जाड सालीच्या ईडलिंबाचा पराग लावायचा आणि कापडाची इवली पिशवी बांधायची. ईडलिंबाला खैऱ्या फारसा लागत नाही, पण भिकाबाईच्या लोणच्याला पातळ सालीचं कागदी लिंबूच लागायचं. याला दोघांचं लेकरू हवं होतं. चाळीस कळ्या बांधल्या, तीन फळं टिकली.

पुढची गंमत मला त्यानंच समजावली. कागदी लिंबाच्या एका बीतून दोन-तीन कोंब निघतात. त्यातले जोमदार असतात ते हुबेहूब आईसारखे, आईचा रोगही बरोबर घेऊन आलेले. संकराचं खरं लेकरू बहुतेक वेळा सगळ्यांत मागं राहिलेलं, खुरटं. म्हणजे सारं गाव जे रोप उपटून फेकेल, तेच याला जपायचं. काटा टोचून दोन पावसाळे गेले. बाकी सगळी खुरटी रोपं फोडांनी भरली. एक तेवढं वीतभर उंचीचं, एका डब्यातलं, साफ राहिलं. त्याच बीतली दोन दांडगी भावंडं त्यानं मुद्दाम त्याच डब्यात ठेवली होती. रोगी शेजारी सोबत असूनही पानं साफ राहिली की याला रोग खरंच लागत नाही, याची खात्री पटते. "मलाबी तसंच सोबत ठेवलंय ना?" मी विचारलं. पहिल्यांदाच तो मोकळा हसला. त्या उन्हाळ्यात तो रोपापाशी बसून भिकाबाईच्या अंगणाकडे बघत राहायचा. मी हाक मारली तरी दुसऱ्या हाकेला ओ द्यायचा.

शहात्तरच्या वैशाखात हट्टा गावी त्याची बहीण जनकाबाई आजारी पडली. चार दिवसांसाठी निघताना पाणी घालायचं काम त्यानं भिकाबाईला सांगितलं. मला सांगितलं नाही, यात त्याची अक्कल दिसते. पण त्या रोपाची गोष्टही त्यानं तिला सांगितली नाही, आणि ती मात्र लाजेपायी.

उन्हाळ्यात खैऱ्या दबतो. दांडग्या रोपांना नवी हिरवी पालवी आली होती आणि मधेच ते खुरटं. परत आलेल्या ग्यानोबाला भिकाबाई कौतुकानं म्हणाली, "एक मरतुकडं रोपटं होतं डब्यात, ते काढून टाकलं. मोठ्यायला जागा झाली. मातीबी बदलली."

ग्यानोबानं डब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं केलं."

नंतर तो तिच्या उकिरड्यावर बराच वेळ वाकून बसला. हाती लागली ती वाळलेली काडी.

"तिला काहून सांगत न्हाई?" मी विचारलं.

"तिनं मायेनं पाणी घातलंय. आता तिला तकलीफ कशापायी द्यायची?"

मी अकरा दिवस तोंड बंद ठेवलं. माझ्या आयुष्यात इतके दिवस कधी जमलं नव्हतं. बाराव्या दिवशी पिठाच्या गिरणीवर भिकाबाई भेटली आणि मी सगळं ओतून मोकळा झालो. झाड कुणासाठी, तेही. ती दळण तिथंच ठेवून चालू लागली.

माघात झाड पुन्हा कळ्यांनी भरलं. भिकाबाई स्वतःहून आली आणि चिमटा मागून घेतला. ग्यानोबाचा हात आताशा थरथरायचा, तिचा नाही.

"आता किती वर्सं?" तिनं विचारलं.

"फळ धरायला सहा. कदाचित सात."

"मंग कळी दाखवा. उगं माझ्याकडं बघत बसू नका."

त्या बियांची रोपं निघाली तेव्हा निम्मे डबे तिनं आपल्या अंगणात नेले. आता ग्यानोबाला रोज सकाळी पानं तपासायला तिकडं जावंच लागतं. कुंपणाच्या काट्यांत एक माणूस जाईल एवढी वाट पडली आहे. तो उकिडवा बसतो, पानं उलटून बघतो, ती दारातून त्याला बघते. मी माझ्या ओट्यावरून दोघांना बघतो. विचारायचं ते त्यानं अजून विचारलेलं नाही. "साफ हायेत," म्हणतो, उठतो, आणि परत येताना त्या वाटेत जरा वेळ उभा राहतो.