लोटूरावांची पाच मिनिटं

माझे जावई लोटूराव भेस्तानला कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात दहा मशीन सांभाळतात. बारा तासांची पाळी. माझे मालक वारले तेव्हा लेक कमलनं मला नंदुरबारहून इकडं आणलं, त्याला बावीस वर्षं झाली. लेकीच्या घरी राहणारी सासू धड पाहुणी नाही, धड घरची नाही. त्यात आमच्यात सासू जावयाशी तोंडावर बोलत नाही. पदर पुढं ओढायचा आणि भिंतीला सांगायचं. या घरच्या भिंतीनं माझं जेवढं ऐकलंय तेवढं कमलच्या बापानंही ऐकलं नाही.

माणूस सोन्यासारखा. नातीला, धनश्रीला, लॅबचा कोर्स करू दिला. माझ्या मोतीबिंदूला दोन खाडे केले. खोड एकच, सिगारेट. त्यांचा थोरला भाऊ भिकन शेचाळिसाव्या वर्षी दोन मशीनींच्या मधे छाती धरून बसला तो उठलाच नाही. तोही ओढायचा. लोटूराव यंदा पंचेचाळीस पुरे करतील.

श्रावणात आमची खानदेशी देवी, कानबाई, घरात बसली. अर्धा कारखाना खानदेशी, म्हणून तीन दिवस बंद होता. कानबाई घरात असताना लोटूराव सिगारेटला शिवत नाहीत. तिला तापीत बोळवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धनश्रीनं तपासायला बापाचं रक्त काढलं.

"बघशील, चोख येईल," लोटूराव म्हणाले. "तीन दिवस नैवेद्याच्या रोटांशिवाय तोंडात काही नाही."

चिंचेनं घासली की कळशी लख्ख होते, तसंच रक्ताचं असेल असं त्यांना वाटलं. खरं सांगते, मलाही वाटलं होतं.

संध्याकाळी धनश्री कागद घेऊन आली. "पप्पा, सीआरपी चार पॉइंट आठ. एकच्या आत पाहिजे. तीनच्या वर गेलं की हृदयाला धोका."

"काय असतं ते?"

"धुरानं आतल्या नसा सुजतात, त्याची खूण रक्तात दिसते. ताप किंवा जखम असली तरी वाढतं, पण तुम्हाला तसलं काही नाही. चांगलं कोलेस्टेरॉलपण कमी आलंय."

"अगं, तीन दिवस शिवलो नाही."

"तीन दिवसांत जात नाही ते. सोडल्यावरही वर्षं लागतात."

"मग कानबाईनं काय केलं?"

"देवीला नका गोवू त्यात," कमल आतून म्हणाली.

मी भिंतीला म्हटलं, "ज्याला तीन दिवस आठवण झाली नाही, त्याला तीन वर्षं का जमू नये, विचार बाई."

लोटूरावांनीही भिंतीलाच उत्तर दिलं. "मामींना सांग, घरी आठवतच नाही. कारखान्यात एवढा खडखडाट, स्वतःचं नाव ऐकू येत नाही. सुताजवळ आग चालत नाही म्हणून ओढायला बाहेर सोडतात, पाच मिनिटं. शेजारचा मशीन बघतो. हातात सिगारेट असली तर पाळीवरचा मास्तर काही बोलत नाही. रिकाम्या हातानं उभं राहिलं की विचारतो, काम नथी? ओढली नाही तर बारा तास आतच. भिकन यासाठीच ओढायला शिकला. मी त्याच्याकडून."

मी भिंतीकडं बघितलं. मग मी थेट त्यांच्याकडं वळले.

"लोटूराव, घरचं कोणी भेटायला आलं तर सोडतात का?"

ते दचकून उभेच राहिले. "सोडतात, मामी."

दुसऱ्या दिवसापासून मी अकराला आणि चारला चहाची किटली घेऊन फाटकाशी जाते. ते पाच मिनिटं बाहेर येतात, चहा घेतात, आकाश बघतात, आत जातात. बाकीचा दिवस कानात कापूस घालून काढतात.

मास्तर गुजराती. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "मासी, जमाईला रोज चहा?"

म्हटलं, "भाई, घरी तुम्ही राहू देता कुठं त्यांना?"

हसला. म्हाताऱ्या सासूला नाही म्हणायला तोही धजत नाही. कारखान्याच्या भिंतीशी ओढणारे मला बघून ओरडतात, "लोटू, तुझी सिगारेट आली रे." त्यांचा धूर आमच्याकडं येतो, म्हणून आम्ही वाऱ्याची बाजू बघून उभे राहतो.

अशानं मीच त्या फाटकाला बांधली गेले. गावी पुतण्याच्या घरी बारसं झालं, गेले नाही. परवा गुडघा धरला, तेव्हा घरीच बसले. संध्याकाळी लोटूरावांच्या सदऱ्याला वास होता. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "मामी, चारपर्यंत दम धरला होता."

दिवाळीनंतर धनश्री परत रक्त काढणार आहे.

आज गुडघ्याला फडकं आवळून निघाले, तरी उशीर झालाच. फाटकाशी लोटूराव आधीच येऊन उभे होते. दोन्ही हात रिकामे, आणि मास्तर त्यांच्याकडं बघत होता. मी लांबूनच किटली वर धरली.